बोलायला जागा, बोलायला काम



परदेशी विद्यार्थ्यांना आभासी जगात व्यवहाराचे इंग्रजी बोलायला शिकवणे, हा विषय नागपूर जिल्ह्यातल्या इंग्रजी शिक्षकांच्या मौद्यातल्या या संमेलनात मांडला जातो आहे याचे काहींना नवल वाटले असेल. कन्हानकाठचा हा तालुका धानाचा आणि मिरचीचा. पण याच तालुक्यात एनटीपीसीचे २,३२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आहे, हिंडाल्कोचा ॲल्युमिनियमचा कारखाना आहे, एमआयडीसी आहे. पलीकडे नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगने बांधून दिलेले विमानदुरुस्तीचे केंद्र २०१५पासून चालू आहे, आणि फ्रान्सच्या दासो कंपनीच्या भागीदारीतल्या कारखान्याची पायाभरणी तिथेच २०१७ साली झाली. या सगळ्या ठिकाणी इथली आयटीआय आणि पॉलिटेक्निकची मुलेमुली नोकरी मागायला जातात. यंत्र त्यांना कळते, नकाशा वाचता येतो. समोरचा माणूस इंग्रजीत प्रश्न विचारतो आणि शब्द घशातच अडकतात.

त्यांना इंग्रजी शिकवलेच गेले नाही, असे कुणी म्हणू शकणार नाही. महाराष्ट्राने २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणले. आज नोकरी शोधणाऱ्या विशीतल्या मुलीच्या मागे किमान दहा वर्षांचे इंग्रजी असते. ते वाचलेले, फळ्यावरून उतरवून घेतलेले, परीक्षेत लिहिलेले असते. बोललेले मात्र नसते. साठ मुलांचा वर्ग आणि पस्तीस मिनिटांचा तास धरला, तर सगळा वेळ मुलांनाच दिला तरी प्रत्येकाच्या वाट्याला पस्तीस सेकंद येतात. घरी जावे तर एक खोली, एक मोबाइल आणि भोवती सगळे कुटुंब. तिथे एखादे वाक्य मोठ्याने म्हणून पाहिले की धाकटी भावंडे हसतात, शेजारचा विचारतो, ‘काहून बे, लय सायब झाला का तू?’ एवढ्यावर मूल गप्प होते आणि पुढे कित्येक वर्षे गप्पच राहते. गावात इंग्रजी बोलायला जागा नसते, आणि बोलल्यावाचून अडेल असे कामही नसते. आजच्या भाषणाचा सगळा रोख या दोन उणिवांवर आहे.

पुण्यात शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांकडे पाहिले की या उणिवांचा अर्थ उलगडतो. डॉ. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वसतिगृहाचे रेक्टर होते. काविळीने अंथरुणाला खिळलेल्या मॉरिशसच्या एका विद्यार्थ्याला खिडकीतून जेवण देणारी मुलगी त्यांना दिसली, आणि परक्या देशात आलेल्या या मुलांचे एकटेपण त्यांच्या मनात घर करून राहिले. त्यातून १९७१ साली सिंबायोसिस उभी राहिली. लगोलग १९७२मध्ये ‘एल्टिस’ ही इंग्रजी शिकवणारी संस्था निघाली. कारण इंग्रजीतून पदवी घ्यायला आलेल्या अनेकांना इंग्रजीच नीट येत नव्हते. वर्गातले शिक्षण त्यांना आधार देते. पण त्यांची जीभ सैल होते ती वर्गाबाहेर: घरमालकाशी अनामत रकमेवरून घासाघीस करताना, परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयात कागद पुढे करताना, मेसच्या बिलातली चूक दाखवताना. काम अडलेले असते, मग व्याकरण चुकले तरी माणूस बोलतो.

तरीही एक दार या परदेशी मुलांनाही बंद असते. विद्यार्थी व्हिसावर पगारी नोकरी करता येत नाही. त्यामुळे भाडे, बिल, बस यांचे इंग्रजी त्यांना येते. बैठक, ऑर्डर, तक्रार, मुदतवाढ यांचे इंग्रजी येत नाही. इराण किंवा सुदानहून पुण्यात आलेला वाणिज्याचा विद्यार्थी आणि मौद्याचा पॉलिटेक्निकचा विद्यार्थी नेमके एकाच ठिकाणी अडतात. दोघांना एका जागी आणावे, एका कामाला जुंपावे आणि त्या कामात इंग्रजीशिवाय दुसरी वाट ठेवू नये. आभासी जगाचा उपयोग आहे तो इथे.

काम देऊन भाषा शिकवण्याची ही रीत आपल्याला बाहेरून आणायची नाही. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत ती करून पाहिली. ‘बंगलोर प्रकल्प’ म्हणून जगभर ती ओळखली जाते. व्याकरणाचे पाठ बाजूला ठेवून प्रभूंनी मुलांपुढे रेल्वेचे वेळापत्रक ठेवले, नकाशा ठेवला, आणि त्यातून उत्तर काढायला लावले. मन अर्थात गुंतले की भाषा आपसूक रुजते, ही त्यांची धारणा. १९८७मध्ये त्यांचे ‘सेकंड लँग्वेज पेडॅगॉजी’ आले आणि कार्याधारित अध्यापनावर जगात जिथे जिथे चर्चा होते तिथे ते आजही उघडले जाते. आपल्या बी.एड.च्या वर्गांत मात्र प्रभूंचे नाव परीक्षेपुरते येते, हे खेदाचे आहे. त्यांच्या प्रकल्पात एक गोष्ट मागे राहिली होती: शिक्षक विचारी, मूल उत्तर देई, मुलांचे आपसातले बोलणे कमी होते. गटात सोडली की मुले मातृभाषेत बोलतील, ही भीती शिक्षकाला वाटते आणि ती रास्त आहे. पुण्यातला सुदानी विद्यार्थी जोडीला आला की ती भीती उरत नाही. त्याला मराठी येत नाही, मौद्याच्या मुलीला अरबी येत नाही.

आभासी जग म्हटले की डोळ्यांवर चढवायचा भलामोठा चष्मा आठवतो. पण काम आणि बोलणे एकत्र शिकवणारे आभासी जग त्याच्या कितीतरी आधीपासून वापरात आहे. वैमानिक ज्यावर शिकतो तो सिम्युलेटर, आणि वीज केंद्राचा नियंत्रण कक्ष सांभाळणारा कर्मचारी ज्यावर शिकतो तोही. तिथली चूक महागात पडत नाही, म्हणून ती करता येते आणि सुधारता येते. बोलण्यातली चूक किती महागात पडू शकते हे भारताने १२ नोव्हेंबर १९९६ रोजी पाहिले. हरयाणात चरखी दादरीवर सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचे इल्युशिन ७६ हवेत एकमेकांवर आदळले आणि ३४९ माणसे गेली. कझाक विमान नेमून दिलेल्या १५,००० फुटांच्या खाली उतरले होते, आणि त्या विमानातल्या मंडळींना नियंत्रकाचे इंग्रजी कितपत कळत होते हा प्रश्न त्यानंतर जगभर चर्चेत राहिला. पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने आंतरराष्ट्रीय उड्डाणे करणारे वैमानिक आणि त्यांच्याशी बोलणारे नियंत्रक यांच्यासाठी बोली इंग्रजीची किमान पातळी ठरवून दिली; ती २००८पासून लागू झाली. त्या दिवशीच्या संभाषणात एक भारतीय होता, एक बाजू सौदी विमानाची होती, एक कझाक. इंग्रजी ही कुणाच्याच घरची भाषा नव्हती.

व्यवहारातले बहुतेक इंग्रजी आज असेच असते. फिनलंडच्या लीना लुहियाला-सालमिनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली फिनिश व स्वीडिश कंपन्यांच्या विलीनीकरणानंतर तिथली माणसे आपसात कसे बोलतात याचा अभ्यास मांडला. दोन्ही बाजूंना परके असलेले, कामापुरते घडवलेले इंग्रजी, असे त्याचे रूप त्यांना दिसले. मौद्याच्या मुलीला उद्या बोलायचे आहे ते व्हिएतनामच्या खरेदीदाराशी, जर्मन अभियंत्याशी किंवा चेन्नईच्या वरिष्ठांशी. तिने लंडनचे उच्चार गिरवण्यात वर्ष घालवणे म्हणजे त्या वर्षाची नासाडी आहे. तिचे बोलणे समोरच्याला पहिल्या खेपेत कळले पाहिजे, आणि समोरच्याचे कळले नाही तर न लाजता पुन्हा विचारता आले पाहिजे.

आभासी जगातले इंग्रजीचे वर्गही आता जुने झाले. १९९४ साली न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजमधल्या ज्युली फालसेट्टी यांनी ‘श्मूझ युनिव्हर्सिटी’ नावाची जागा उभी केली. तिथे एकही चित्र नव्हते. खोल्या, बाग, वाचनालय सगळे शब्दांत वर्णन केलेले. निरनिराळ्या देशांतले इंग्रजी शिकणारे तिथे येत आणि टंकून गप्पा मारत. २००३मध्ये लिंडन लॅबचे ‘सेकंड लाइफ’ आले आणि चालते-फिरते त्रिमिती जग मिळाले. २००७मध्ये त्यात आवाजाची सोय झाली, तेव्हा भाषेच्या शिक्षकांची तिथे गर्दी झाली. ‘लँग्वेजलॅब’ने तिथे इंग्रजीचे एक आख्खे शहर वसवले; हॉटेलात, कार्यालयात भूमिका वठवणारी खरी माणसे बसवली. ब्रिटिश कौन्सिलने किशोरांच्या वेगळ्या विभागात आपले बेट उभारले.

त्या जगाचा एक गुण वर्गासाठी फार मोलाचा आहे आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. तिथे अंतराला अर्थ असतो. सेकंड लाइफमध्ये टंकलेले वाक्य २० मीटरपर्यंत पोचते, कुजबूज १० मीटर, ओरडणे १०० मीटर. आवाजही जवळ गेल्यावर मोठा आणि दूर गेल्यावर बारीक होतो. करोनाच्या काळात सगळ्यांनी व्हिडिओवरचे वर्ग घेतले: पडद्यावर तीस चौकटी, एका वेळी एकच आवाज, बाकीचे एकोणतीस म्यूट. अंतर जाणणाऱ्या जगात पंधरा जोड्या पंधरा कोपऱ्यांत एकाच वेळी बोलू शकतात आणि शिक्षक त्यांच्यामधून हिंडत कान देऊ शकतो. पस्तीस सेकंदांची पस्तीस मिनिटे व्हायची असतील तर ती अशीच होतील.

दुसरा गुण भीड मोडण्याचा. परक्या भाषेत बोलताना वाटणारी धास्ती ही एक वेगळी, मोजता येणारी गोष्ट आहे, हे इलेन हॉरविट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली दाखवले. त्यासाठी त्यांनी ३३ विधानांची मोजपट्टी तयार केली. या धास्तीतली बरीचशी भीती ही चारचौघांसमोर हसे होण्याची भीती आहे. आभासी जगात आपल्या जागी वावरणारी आकृती, म्हणजे अवतार, घेतला की ती कमी व्हायला मदत होते. झाडीपट्टीच्या नाटकात दिवाळीनंतर रोवणी-कापणी करणारा माणूस राजाचा पोशाख चढवतो आणि एरवी ग्रामसभेत तोंड न उघडणारा तो हजारोंपुढे संवाद फेकतो, तसे काहीसे इथे घडते. निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी २००७मध्ये स्टॅनफर्डमधले प्रयोग प्रसिद्ध केले. ज्यांना उंच अवतार दिला ते पैशांच्या वाटाघाटीत अधिक ठामपणे बोलले. व्यवहाराचे बोलणे शिकवणाऱ्याने हा निष्कर्ष लक्षात ठेवण्याजोगा आहे.

भीड मोडायला यंत्राइतकेच प्रेमळ कानही लागतात. सुगत मित्र यांनी २००९मध्ये ‘गार्डियन’मधून ब्रिटनमधल्या लोकांना हाक दिली: आठवड्यातला एक तास द्या आणि स्काइपवरून भारतातल्या मुलांशी बोला. त्यातून ‘ग्रॅनी क्लाउड’ जमला. मुलांना शिकवायचे नाही, आजीसारखे कौतुकाने ऐकायचे, एवढीच अट. २०१३मध्ये मित्र यांना टेड पुरस्कार मिळाल्यावर ज्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या त्यांतली एक आपल्या फलटणला, मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेत होती. बर्नसनबाईंची शाळा मराठी माध्यमाची. मुलाच्या घरच्या भाषेवर पाय रोवून इंग्रजीकडे जायचे, ही त्यांची आयुष्यभराची भूमिका. मौद्यात असा प्रयोग झाला तर त्यानेही तीच धरावी. जोडीने काम संपवल्यानंतर काय जमले, कुठे अडले, याची चर्चा इथल्या मुलामुलींनी आपल्या शिक्षकांशी मराठीत खुशाल करावी.

आता प्रत्यक्ष तासाकडे येऊ. आभासी गोदामात मौद्याची मुलगी विक्रेती आहे. तिच्यापुढे मिरचीची पोती, वजनाचा तक्ता आणि प्रयोगशाळेचा अहवाल. पुण्यातला परदेशी विद्यार्थी युरोपातल्या आयातदाराच्या जागी. त्याच्यापुढे त्याच्या बंदरातली पोती, त्यांतली काही ओल लागलेली, आणि नियमांचा कागद. युरोपीय संघात मिरचीपुडीसारख्या मसाल्यांत एकूण अफ्लाटॉक्सिन किलोमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. तिला त्याची पोती दिसत नाहीत, त्याला तिचा अहवाल दिसत नाही. वीस मिनिटांत माल परत जाणार की किंमत उतरणार हे ठरवायचे आहे. एकाला माहीत असलेले दुसऱ्याला माहीत नाही, एवढ्याने बोलणे खरे होते. पाठ केलेले संवाद इथे दुसऱ्याच वाक्याला कोसळतात.

अशा तासात ज्या चुका वर येतात त्या पाठ्यपुस्तकात सापडत नाहीत. ‘यू हॅवन्ट सेंट द रिपोर्ट?’ असे त्याने विचारले आणि अहवाल पाठवलेला नसेल, तर मराठी मन ‘हो’ म्हणते: हो, नाही पाठवला. इंग्रजीत तिथे ‘नो’ हवे. ‘येस’ म्हटले की समोरचा समजतो अहवाल निघाला. जपानी माणूसही आपल्यासारखेच उत्तर देतो; म्हणून नागपूरचा पुरवठादार आणि ओसाकाचा ग्राहक दोघे इंग्रजीत बोलताना एकमेकांना बरोबर समजतील, आणि मध्ये जर्मन आला की तिघांचे त्रांगडे होईल. उपाय साधा आहे: नुसते हो-नाही सोडून पूर्ण वाक्य बोलावे. आकड्यांचेही असेच. लाख आणि कोटी ऐकून परदेशी खरेदीदार थांबतो. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ कानाला सारखेच लागतात आणि पंधरा पोत्यांची पन्नास होतात. आकडा सांगितल्यावर एकेक अंक सुटा करून पुन्हा म्हणणे, ऐकणाऱ्याने तो परत म्हणून दाखवणे, ही वैमानिकांची सवय मिरचीच्या सौद्यालाही हवी.

या माध्यमाच्या मर्यादा स्पष्ट सांगायला हव्यात. अवताराचा चेहरा बोलत नाही. भुवई, स्मित, मान हलवणे यातले थोडेच पोचते. आपली मान डोलावून ‘हो’ म्हणायची सवय तिथे निरुपयोगी ठरते, आणि होकार तोंडाने द्यावा लागतो. फोनवरच्या बोलण्याची तयारी त्याने उत्तम होते; समोरासमोरच्या मुलाखतीची होत नाही. त्यासाठी माणूस समोरच बसवला पाहिजे.

शिवाय ही जगे टिकत नाहीत. ऑल्टस्पेस १० मार्च २०२३ रोजी बंद झाले, मोझिला हब्ज ३१ मे २०२४ रोजी, आणि ज्या स्काइपवर फलटणच्या मुलांनी गप्पा मारल्या ते ५ मे २०२५ रोजी. म्हणून एका कंपनीच्या जगावर अभ्यासक्रम बेतू नये. कामाचे कागद, भूमिका, दोन्ही बाजूंची गुप्त माहिती साध्या फाइलींत ठेवावी. जग बदलले तरी तास तोच राहील. ओपन सिम्युलेटर हे मुक्त सॉफ्टवेअर २००७पासून उपलब्ध आहे. महाविद्यालयाच्या स्वतःच्या संगणकावर ते चालते, आवाजाची व्यवस्था तेवढी वेगळी जोडावी लागते. महागडे चष्मे विकत घेण्याचा मोह संस्थाचालकांना होईल, उद्घाटनाचा फोटोही चांगला येईल. त्याच पैशांत चांगले माइक असलेले हेडफोन आणि संध्याकाळी प्रयोगशाळा उघडी ठेवणाऱ्या माणसाचे मानधन भागते. बोलणे वाढते ते त्याने.

मुलींच्या सुरक्षिततेचा प्रश्न या सगळ्याच्या आधी येतो. आभासी जगातही छेडछाड होते. तशा तक्रारी आल्यावर मेटा कंपनीला आपल्या आभासी जगात फेब्रुवारी २०२२मध्ये अवतारांमध्ये सुमारे चार फुटांचे सक्तीचे अंतर आणावे लागले. मौद्याच्या वर्गात अनोळखी माणसाला प्रवेश नसावा, खरी नावे आणि फोन नंबर देऊ नयेत, ध्वनिमुद्रण करायचे तर दोन्ही बाजूंच्या संमतीने आणि शिकवण्यापुरतेच. आणि तास शेवटच्या एसटीच्या आधी संपावा. खेड्यातून येणाऱ्या मुलीची उपस्थिती या एका गोष्टीवर ठरते, हे इथल्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे.

यंदाच्या मिरचीच्या हंगामात सुरुवात करता येईल. नागपूर आणि पुण्यात शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयांना या संमेलनाने पत्र लिहावे आणि आठवड्यातला एक तास मागावा. त्याआधीचे काम मात्र इथल्या शिक्षकांचे आहे. एमआयडीसीतल्या फोरमनकडे, धान आणि मिरचीच्या व्यापाऱ्यांकडे, मिहानमध्ये लागलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांकडे जावे आणि विचारावे: इंग्रजीत बोलताना काम नेमके कुठे अडले, कुठले वाक्य सुचले नाही, कुठला आकडा चुकीचा ऐकला गेला. कंपनीचे आणि माणसाचे नाव गाळून ते प्रसंग एका वहीत उतरवावेत. त्यांतूनच तासांची कामे बेतली जातील. ज्यांना ही वही भरण्यात हात लावायचा आहे, त्यांनी दुपारच्या सत्राआधी आपली नावे आणि आपण कुठल्या गावात, कुठल्या धंद्याशी बोलू शकता, हे कार्यवाहांकडे नोंदवावे.